लाल चिंधी कोणत्या पंखाची

मुलांनो, आधी एक माळ डोळ्यांपुढे आणा. भोवती सागाचं जंगल, चैत्रातलं, पानं झडून गेलेलं. मधोमध गवत कापून, दगड वेचून, वरून रूळ फिरवून सपाट केलेली एक लांब पट्टी. पट्टीच्या टोकाला बांबूच्या ताट्यांचा मांडव आणि मांडवाच्या सावलीत एक छोटं विमान. दिसलं?

आता उभे राहा आणि दोन्ही हात पसरा. तुम्हीच ते विमान. तुमच्या डाव्या हाताच्या टोकाला लाल दिवा आहे आणि उजव्या हाताच्या टोकाला हिरवा. विमानांचे दिवे असेच असतात, डावा लाल आणि उजवा हिरवा. हे विसरू नका, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी एक अरुंद फळी असते. वैमानिकाच्या गुडघ्यांमध्ये एक दांडा असतो. तो उजवीकडे झुकवला की उजव्या पंखाची फळी वर उठते, डाव्या पंखाची खाली जाते, आणि विमान उजवीकडे कलतं. दांड्यापासून फळ्यांपर्यंत पोलादी तारा गेलेल्या असतात. बस, एवढं कळलं की तुम्ही कमरजहाँइतके हुशार झालात. हात खाली घ्या.

कमरजहाँ कोण, ते सांगतो. ती बारा वर्षांची, चांदा शहरातली, म्हणजे आजच्या चंद्रपूरची. तिचे नाना, म्हणजे आईचे वडील, नूर मोहम्मद. या विमानाची देखभाल त्यांच्याकडे होती. साल १९५९. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच होता. मुलचेऱ्याच्या बाजूच्या जंगलाचे वरून फोटो काढायचं काम चाललं होतं आणि त्यासाठी हे विमान आलं होतं. परीक्षा संपल्या, ईद झाली, आणि कमर ईदचा नवा पिवळा कुर्ता घालून नानांबरोबर माळावर राहायला आली.

ती नुसती फिरायला आली नव्हती. ती नानांचा अभ्यास घ्यायला आली होती.

नानांच्या हत्यारांच्या लाकडी पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, 'नूर मोहम्मद, ग्राउंड इंजिनिअर'. लढाईच्या काळात त्यांना ते लायसन्स मिळालं होतं आणि पेटीवरची अक्षरं फिकट झाली की ते स्वतः ब्रशने पुन्हा गिरवत. पण आता नियम बदलले होते. ग्राउंड इंजिनिअर हे नावच गेलं होतं. नवं नाव होतं एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, आणि ते हवं असेल तर जुन्या माणसांनीही नागपूरला जाऊन नवी परीक्षा द्यायची होती. नाही दिली, तर पुढच्या महिन्यापासून त्यांना हातात पाना धरता येईल, पण विमान उडायला योग्य आहे असं सांगून सही करता येणार नाही.

"नाव बदललं म्हणून पाना माझा हात ओळखणार नाही का?" नाना त्या सकाळी म्हणाले. "पोरांच्या बाकावर बसू आता? नाही जायचं मला."

"नाना, दोनच पानं राहिली. ऐका तरी." कमर पेटीवर बसून नियमांचं पुस्तक वाचत होती. इंग्रजी वाचायचं आणि मग अर्थ सांगायचा. "विमान वळवणाऱ्या तारा सोडल्या असतील, तर जोडल्यावर दोन माणसांनी तपासायच्या. एकाने दुसऱ्याचं बघून नाही, आपापल्या डोळ्यांनी. आणि फळी नुसती हलते का एवढंच नाही, बरोबर बाजूला हलते का तेही बघायचं."

नानांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी काम करायचं आणि मागून कुणी तरी बघायचं, म्हाताऱ्याने नीट केलं का?"

"मागून नाही नाना, वेगळं..."

"मिट ते पुस्तक."

तिने मिटलं. पानाचा कोपरा मात्र हळूच दुमडून ठेवला.

त्याच दिवशी नाना नेमक्या त्याच तारा बदलत होते. दांड्याजवळच्या एका तारेचे धागे सुटू लागले होते. केबिनच्या फरशीखाली दोन्ही पंखांकडून येणाऱ्या तारा एका अरुंद पट्टीतून शेजारी शेजारी येतात, तिथे दोन्ही दिसायला सारख्याच. अदलाबदल होऊ नये म्हणून नानांनी टोकांना चिंध्या बांधल्या. डाव्या तारेला लाल आणि उजवीला हिरवी, दिव्यांसारखी. मग दुपारच्या नमाजाची वेळ झाली. जाताना त्यांनी कोलूला सांगितलं, "तेवढी टोकं रॉकेलने स्वच्छ पुसून ठेव."

कोलू हा गाडीवान. त्याच्या बैलगाडीतून पेट्रोलची पिंपं, पाणी, सगळं माळावर यायचं. हात चलाख, तोंड त्याहून चलाख.

नाना नमाज पढून उठले तेव्हा मांडवात ओरडाआरडा चालला होता.

चार माणसं एक बाज खांद्यावर घेऊन आली होती. बाजेवर मुखरू होता, शेजारच्या गावचा शेतकरी. पहाटे मोहफुलं वेचायला गेला आणि झाडाखाली अस्वल होतं. डोक्याला आणि खांद्याला धोतराचा फडका गुंडाळला होता आणि तो पूर्ण भिजला होता. मुखरू बोलत नव्हता. मधूनमधून पाय हलायचा, तेवढंच. त्याची बायको रुखमाबाई बाजेचा पाय घट्ट धरून चालत आली होती, अजून सोडत नव्हती.

"भाऊ, विमानात घ्या त्यायले," ती म्हणाली. "गाडीनं नेलं तं आष्टीच्या नदीपर्यंतबी नाई पोचनार."

वैमानिक होते कॅप्टन भरूचा, उंच आणि नेहमी घाईत असलेले. त्यांनी एकदाच मुखरूकडे पाहिलं. "कॅमेरा काढा बाहेर. मागची जागा मोकळी करा. नूरभाई, किती वेळ?"

"तारा जोडतो की झालं," नाना म्हणाले आणि फरशीखाली वाकले.

त्यांचे हात भराभर चालले. लाल चिंधीची तार दांड्याच्या डाव्या बाजूला, हिरवीची उजव्या बाजूला. पिळ्या, म्हणजे तारा ताणणारे स्क्रू, आवळल्या, त्या सुटू नयेत म्हणून बारीक तारेने बांधल्या, चिंध्या सोडून खिशात टाकल्या. मग दांडा दोन्हीकडे हलवून पाहिला. कुठे अडकत नव्हता. बाहेर एक फळी वर, एक खाली, झकास हलत होत्या.

"झालं," नाना म्हणाले.

"नाना," कमर हळूच म्हणाली, "दुसऱ्या माणसाने..."

"कमर!"

"कॅप्टनसाहेबांनी बघितलं तरी चालतं. छोटं काम असलं तर वैमानिकाने बघितलेलं चालतं, पुस्तकात आहे."

कॅप्टन बाजेचं एक टोक धरून उभे होते. "बेटा, तुझ्या नानांनी झालं म्हटलं म्हणजे झालं. मी इतकी वर्षं त्यांच्याच शब्दावर उडतोय." आणि ते मुखरूला आत घ्यायला वळले.

बघा हं मुलांनो, यात वाईट कुणीच नव्हतं. कॅप्टनांचा नानांवर विश्वास होता. नानांचा स्वतःच्या चिंध्यांवर विश्वास होता. आणि सगळ्यांना मुखरूला वाचवायचं होतं.

कमर मांडवाबाहेर आली. कोलू बैलांना पाणी दाखवत होता. उजव्या बाजूला जुंपायच्या राज्या नावाच्या बैलाच्या शिंगाला लाल चिंधी होती. नेहमीच असायची.

"काऊन वं, तोंड पाडून काऊन उभी?" कोलू म्हणाला. "नानानं कान पिळला काय?"

"काही नाही."

"मीबी आज इंजनेर झालो, सांग तुह्या नानाले. त्या तारा चकाचक करून देल्या. चिंध्याईत रॉकेल गेलं तं सोडून धुतल्या, वाळवल्या, अन् जशाच्या तशा बांधल्या."

कमरने मान वर केली. "जशाच्या तशा म्हणजे कशा? कोणती कुठे होती, तुला आठवत होतं?"

"आठवाचं काय हाय त्याच्यात? मी का येडा हावो? एकेक तार ओढून पाह्यली. जिकडची तार, तिकडची फळी खाली येते. उजवी कोनती ते समजलं अन् तिले लाल बांधली." त्याने राज्याच्या शिंगावर हात फिरवला. "लाल उजव्याचीच असते ना वं. माह्या बापाच्या गाडीपासून हेच चालू हाय."

आता मुलांनो, पुन्हा हात पसरा. तुमचा लाल दिवा कोणत्या हाताला आहे?

नानांनी लाल तार डावी समजून डावीकडे जोडली होती. पण लाल चिंधी आता उजव्या पंखाच्या तारेवर होती. म्हणजे कॅप्टनांनी दांडा उजवीकडे झुकवला की विमान डावीकडे कलणार. वाऱ्याच्या एका झुळकीने विमान जमिनीजवळ जरा तिरकं झालं, आणि कॅप्टन ते सरळ करू गेले, तर ते आणखी तिरकं होणार. ते जितका जोर लावतील तितका पंख जमिनीकडे जाणार.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

ती धावली. विमानाच्या मागून धावली. प्रॉपेलरच्या पुढे कधीच जायचं नाही, ही नानांची पहिली शिकवण होती. धूळ उडत होती, ताट्या थरथरत होत्या. कॅप्टन डाव्या बाजूला बसले होते. मागे मुखरू आडवा आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलेली रुखमाबाई. नाना उजव्या चाकाशी बसले होते. चाकाखालच्या लाकडी ठोकळ्याची दोरी त्यांच्या हातात होती.

कमरने त्यांच्या कानाला तोंड लावलं. "नाना! कोलूने चिंध्या सोडल्या होत्या! लाल उजव्या तारेला बांधली, बैलासारखी!"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा ओरडून सांगितलं.

ऐकू गेलं होतं. त्यांची नजर पंखाकडे गेली, मग खाली आली. "मी दांडा हलवून पाहिला," ते म्हणाले. आवाज इंजिनात बुडाला, पण ओठ कळले.

"बाजू पाहिली का?"

नानांनी हातातली दोरी ताणली.

कॅप्टनांनी खिडकीतून हात बाहेर काढून खूण केली. ठोकळे काढा. डाव्या चाकाशी बसलेल्या माणसाने आपला ठोकळा ओढून घेतला. नानांच्या हातातली दोरी ताणलेली होती, पण ते ओढत नव्हते. आणि थांबा अशी खूणही करत नव्हते. कमरने आपल्या नानांना असं कधी पाहिलं नव्हतं. नुसतं हात वर करायचं काम होतं. पण तो हात वर केला असता तर बाज घेऊन आलेली माणसं, कॅप्टन, कोलू, सगळ्यांसमोर एक गोष्ट उघडी पडली असती, की नूर मोहम्मदने न बघता 'झालं' म्हटलं. तेही परीक्षेच्या तोंडावर. आणि कोलू थापा मारत असेल तर? तर एका पोरीच्या बोलण्यावर मरणाऱ्या माणसाचा वेळ घालवला, असं झालं असतं.

कॅप्टनांनी पुन्हा खूण केली. या वेळी जोरात.

कमर मांडवात पळाली. नानांची पेटी दोन्ही हातांनी ओढत तिने उजव्या पंखाच्या टोकाकडे आणली, मागच्या बाजूने. पेटीवर चढली. टाचा उंच केल्या. पंखाच्या कडेची ती फळी तिच्या बोटांना लागली. तिने दोन्ही हातांनी ती पकडली आणि सगळा भार टाकून खाली ओढली.

तारा जोडलेल्या असल्या की दांड्याने फळी हलते, तसा फळीनेही दांडा हलतो. आत कॅप्टनांच्या गुडघ्यावर दांडा आपटला. ते दचकले. त्यांनी उजवीकडे पाहिलं. पिवळ्या कुर्त्यातली एक पोर पंखाला लोंबकळत होती. ते रागाने ओरडणार होते, तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी खाली गुडघ्याकडे पाहिलं. पुन्हा फळीकडे पाहिलं.

उजवी फळी खाली आली होती. दांडा डावीकडे जायला हवा होता. तो त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकला होता.

त्यांनी इंजिन बंद केलं.

प्रॉपेलर थांबल्यावर माळावर इतकी शांतता झाली की मुखरूचा श्वास ऐकू येऊ लागला. घरघर लागल्यासारखा.

"काय झालं? काऊन बंद केलं?" रुखमाबाई किंचाळली. "माह्या मानसाचा जीव चालला अन् तुमी खेळून राह्यले?"

कॅप्टन काही बोलायच्या आत नाना उठून उभे राहिले. दोरी त्यांनी खाली टाकली.

"तारा उलट्या लागल्या," ते म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी बाजू बघितली नाही. बाई, हे असंच उडलं असतं तर तुम्ही तिघं त्या झाडांत गेला असता."

कोलूचा चेहरा उतरला. "नूरभाऊ, चिंध्या तं मी..."

"तू टोकं पुसलीस. जोडल्या मी." नाना केबिनमध्ये शिरले होते. "पाना दे. तो नाही, लहान."

पुढची काही मिनिटं कमरला फार लांब वाटली. रुखमाबाई नवऱ्याच्या ओठांवर पाण्याचं बोट फिरवत होती आणि नानांच्या पाठीकडे बघत होती, डोळ्यांनी भोसकावं तशी. "लवकर करा ना हो," ती म्हणत होती, "लवकर करा ना." नानांच्या कपाळावरचा घाम तारांवर पडत होता. त्यांचे हात आता भराभर चालत नव्हते. प्रत्येक तार ते ओढून बघत होते, फळीकडे नजर टाकत होते, मगच पिळी लावत होते. शेवटी ते बाहेर आले, पंखांकडे तोंड करून उभे राहिले आणि कॅप्टनांकडून दांडा हलवून घेतला. उजवीकडे. डावीकडे. पुन्हा उजवीकडे.

"माझ्याकडून बरोबर," ते म्हणाले. "आता तुम्ही बघा."

"नूरभाई, आता वेळ..."

"तुम्ही बघा," नाना म्हणाले. "मी सांगितलं ते विसरून बघा. मी आत बसतो, तुम्ही बाहेर या."

"अवं माय!" रुखमाबाईने कपाळावर हात मारला.

कॅप्टन क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग उडी मारून खाली उतरले. नानांनी दांडा उजवीकडे झुकवला. उजवी फळी वर उठली. डावीकडे झुकवला. डावी उठली. कॅप्टनांनी जवळ येऊन दोन्ही फळ्यांना हात लावून पाहिला, फरशीखाली वाकून पिळ्या पाहिल्या, आणि मान हलवली. विमानाच्या वहीत आधी नानांनी सही केली. मग कॅप्टनांनी केली.

इंजिन पुन्हा सुरू झालं. या वेळी नानांनी पहिल्याच खुणेला दोरी ओढली.

विमान पट्टीवरून धावलं, उडालं. सागांच्या शेंड्यांवर पोचताच पश्चिमेचा वारा लागला आणि डावा पंख झपकन खाली झुकला. नानांचा हात कमरच्या खांद्यावर होता, तो घट्ट आवळला गेला. पंख वर आला. विमान सरळ झालं, मग नागपूरच्या दिशेने वळलं आणि लहान होत गेलं. आवाज येईनासा झाला तरी कुणी हललं नाही.

संध्याकाळच्या सुमारास मुलचेऱ्याहून एक माणूस सायकलवर आला, पोलिसांच्या बिनतारी यंत्रावर आलेला नागपूरचा निरोप घेऊन. मुखरू दवाखान्यात पोचला होता. डॉक्टर सांगत होते, खांदा पूर्वीसारखा चालणार नाही, पण माणूस राहील.

कोलू विमान गेल्यापासून गाडीशी बसून होता. निरोप ऐकल्यावर तो उठला आणि राज्याच्या शिंगावरची लाल चिंधी सोडू लागला.

"राहू दे कोलू," नाना म्हणाले. "बैल तुझा आहे. त्याला त्याची बाजू माहीत आहे."

"अन् तुमच्या विमानाले?"

"त्याला दोन माणसं लागतात," नाना म्हणाले आणि मांडवात येऊन जमिनीवर बसले. खिशातून दोन चिंध्या काढून त्यांनी समोर ठेवल्या, एक लाल, एक हिरवी.

कमरच्या ईदच्या कुर्त्यावर काळ्या ग्रीसचे दहा बोटांचे डाग पडले होते. तिने ते एकदा पाहिले. मग बाहेर माळावर राहिलेली ती पेटी ओढत आणली, नानांच्या समोर ठेवली, तिच्यावर बसली, दुमडलेल्या कोपऱ्याचं पान उघडलं. पण या वेळी तिने वाचून दाखवलं नाही. पुस्तक आपल्याकडे धरलं, नानांना दिसणार नाही असं, आणि नागपूरचा परीक्षक विचारेल तसा पहिला प्रश्न विचारला, "तारा जोडल्यावर किती माणसांनी तपासायच्या?"